माग घरात, घर मागात

लॅपटॉप उचलून कुठूनही काम करणाऱ्या तरुणांचे हल्ली मोठे कौतुक होते. त्सुगिओ माकिमोटो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी १९९७ साली ‘डिजिटल नोमॅड’ हे पुस्तक लिहून अशा भटक्या कामगाराचे भाकीत केले. २०२०च्या टाळेबंदीत कचेरी आपल्या घरांतही शिरली. पण कामासाठी मुलूख सोडणे आणि घरातच कामाला जुंपले जाणे आम्हा कष्टकऱ्यांना नवे नाही.

१८५७च्या उठावानंतर आझमगड, मऊ, बनारस भागातले मोमीन विणकर मोठ्या संख्येने दक्षिणेकडे निघाले. विलायती कापडाने धंदा बसला होता. त्यात दडपशाही आणि दुष्काळाची भर पडली. आग्रा रस्त्याने येऊन कित्येक कुटुंबे मोसम नदीकाठी मालेगावात स्थिरावली, काही भिवंडीला गेली. हातातले कसब हीच त्यांची शिदोरी.

घरातच खड्डा खणून माग बसवायचा. पुरुष खड्ड्यात पाय सोडून धोटा चालवी. बायका-मुले सूत उकलत, कांड्या भरत. चूल आणि माग एकाच छपराखाली असल्याने काम कधी संपले, हे सांगता येत नसे. कापड विणणाऱ्याच्या नावावर विकले जाई. कांड्या भरणाऱ्या हातांची मजुरी कुणी वेगळी मोजत नसे.

काम आणि घर यांच्यात भिंत उभी राहिली ती मुंबईच्या गिरण्यांत, आणि तीही मालकांच्या कृपेने नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. मालेगावात १९३०च्या दशकात यंत्रमाग आले, तरी लहान कारखान्यांत बारा-बारा तासांची पाळी चालतच राहिली. शुक्रवारची सुटी मात्र गावाने जपली.

लॅपटॉपने ती भिंत पुन्हा पाडली आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७पासून लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. म्हणून घरून काम करण्याचे स्वागत करताना दोन गोष्टी आपण विचारल्याच पाहिजेत : काम थांबण्याची वेळ कोणती, आणि घरातल्या कांड्या कोण भरते?