मॅग, स्प्रेचा डबा आणि एक तडा

मागच्या मे महिन्यात आमच्या जुन्या कारची चारही अलॉय व्हील्स मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगवली. फुटपाथला घासून त्यांच्या कडा खरवडल्या होत्या. पॉलिश पेपर मारला, खाचांत पुट्टी भरली, वर सिल्व्हर स्प्रे. दोन रविवार गेले. बाबा म्हणाले, "मॅग एकदम नवे दिसतायत रे!"

आमचा टायरवालाही 'मॅग'च म्हणतो. चाकं तर ॲल्युमिनियमची. मग हा शब्द आला कुठून? शोधायला बसलो.

एकोणिसाव्या शतकात ॲल्युमिनियम महागडा धातू होता. १८८६मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना न ओळखता, विजेने तो वेगळा करायची एकच पद्धत शोधली आणि भाव कोसळले. १९२४मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या ग्रां प्री शर्यतीत बुगाटीची टाइप ३५ उतरली. तिची चाकं ओतीव ॲल्युमिनियमची होती, ब्रेकचा ड्रम त्यातच ओतलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड रेसिंगसाठी मॅग्नेशियमची चाकं बनवू लागले. मॅग्नेशियम आणखी हलकं, पण लवकर गंजतं आणि पेटलं तर विझवणं अवघड. रस्त्यावर ॲल्युमिनियमच टिकलं, नाव मात्र 'मॅग' राहिलं.

रंगाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. सुरुवातीच्या अनेक गाड्यांना ब्रशने व्हार्निशचे थर देत, ते वाळायला आठवडे लागत. १९२३मध्ये ड्यूपाँ कंपनीचं 'ड्यूको' आलं. ते फवारता यायचं आणि काही तासांत वाळायचं. १९४९मध्ये इलिनॉय राज्यातल्या सिकमोर गावी एडवर्ड सिमोर आपला ॲल्युमिनियम रंग ग्राहकांना दाखवायची सोपी युक्ती शोधत होते. डब्यात रंगासोबत दाबाखालचा वायू भरायची कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांनी सुचवली. म्हणजे माझ्या हातातल्या डब्याचा पूर्वजही सिल्व्हरच!

त्याच सुमारास, १९५०च्या दशकात, जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू प्लास्टिकच्या भुकटीत बुडवायची पद्धत काढली. पुढे भुकटीला विद्युतभार देऊन ती फवारू लागले. हेच आजचं पावडर कोटिंग.

दुकानदार जास्त पैसे घेतो ते कशाचे, हे मला इथे कळलं. उघड्या ॲल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि रंग नीट धरत नाही. त्यामुळे चांगला कारागीर टायर उतरवतो, जुना रंग पूर्ण काढून धातू उघडा करतो, चाक फिरवून वाकलंय का बघतो, मगच प्रायमर किंवा पावडर. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. त्यालाही विचारायला हवंच, कारण चाकाची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. भट्टी जास्त तापली, तर ती कमी होऊ शकते.

ऑगस्टमध्ये पुढच्या डाव्या चाकाची हवा दर चार दिवसांनी उतरायला लागली. टायरवाल्याने चाक पाण्यात बुडवलं. बुडबुडे टायरमधून नव्हे, माझ्या पुट्टीखालून येत होते. त्याने स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला. खाली बोटभर लांबीचा तडा होता. मी तो ओरखडा समजून बुजवला होता. ऑफिसात एरर दुरुस्त न करता फक्त मेसेज बंद करावा, अगदी तसं.

"रंगवायच्या आधी टायर उतरवून बघायचं ना, भाऊ," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी आम्ही त्याच गाडीने ताम्हिणी घाटातून गणपतीला गावी जाणार होतो. आईबाबा मागे बसणार होते. मी काहीच बोललो नाही.

ते चाक भंगारात दिलं, नवं घेतलं. बाकीची तीन एका कारागिराकडे नेली आणि रंग उतरेपर्यंत तिथेच उभा राहिलो. तडा नव्हता. पैसे बरेच गेले, पण मला खरं तर तेवढंच बघायचं होतं.

घरी रंगवण्यात चूक काही नाही. बाजारात एचिंग प्रायमर मिळतो, सावकाश केलं तर काम छान होतं. फक्त आधी टायर उतरवा आणि चाक आतून-बाहेरून उघडं करून बघा. तडा दिसला तर स्प्रेचा डबा खाली ठेवा.

बाबांना तड्याबद्दल मी गणपती झाल्यावर सांगितलं. ते बराच वेळ नव्या चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्टेपनी पण बघून घे."