पितळी स्टोव्हची साक्ष

इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ताम्रपट, बखरी, सनदा आणि दफ्तरे उभी राहतात. जेथे कागद तेथे इतिहास, असा आपला समज असतो. कामगारांत वावरणाऱ्या माणसाला हा समज परवडत नाही. आम्ही ज्यांच्यामध्ये गेली तीस वर्षे संघटनेचे काम केले, त्यांच्यापाशी कागद असा फारसा नाहीच. भाड्याची पावती, रेशनकार्ड आणि गिरणीचा पास हीच त्यांची दफ्तरे. मग या लोकांना काय काय येत होते, आणि ते त्यांना कोणी शिकवले, हे कशावरून समजावे? त्यासाठी आज आम्ही एका मुक्या साक्षीदाराला पुढे बोलावीत आहोत. तो साक्षीदार म्हणजे पंपाचा पितळी स्टोव्ह.

या स्टोव्हचा जन्म स्वीडनमधला. १८८२च्या सुमारास त्या देशात कार्ल रिचर्ड नायबर्ग यांनी हातात धरून वापरायचा ब्लोलॅम्प बनवला. इंधन तापवून त्याची वाफ करायची आणि ती वाफ जोराने पेटवायची, ही त्यातली युक्ती. पुढे १८९२ साली स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या मेकॅनिकने त्याच युक्तीची ज्योत आडवी न ठेवता वर वळवली, तिच्यावर भांडे बसेल अशी सोय केली, आणि प्रायमस स्टोव्ह तयार झाला. जगभर पोचलेली ही चूल कोण्या विद्यापीठातून नव्हे, तर कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या हातातून निघाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९११ साली आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला, तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता. १९५३ साली एव्हरेस्टवर शेवटच्या चढाईच्या सकाळी हिलरीचे गोठून कडक झालेले बूट याच जातीच्या स्टोव्हवर धरून मऊ करावे लागले होते.

पण ध्रुव आणि एव्हरेस्ट यांहून मोठी कामगिरी या स्टोव्हने आपल्या मुंबईत केली, असे आमचे मत आहे. बी. डी. डी. चाळीतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तिच्यात राहणे, निजणे, आजारपण, बाळंतपण आणि स्वयंपाक, सारेच. अशा ठिकाणी लाकडाची चूल म्हणजे डोळ्यांना धूर, आणि कोळशाची शेगडी म्हणजे ती फुलेपर्यंतचा खोळंबा. स्टोव्ह मात्र नीट पेटला तर धूर करीत नसे, काजळी धरीत नसे, आणि पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या माणसाचा चहा चटकन होई. त्याचा तो घरघराट हाच कित्येक चाळींचा पहाटेचा गजर होता.

आता प्रश्न असा, की हे परदेशी यंत्र चालवायला या बायांना कोणी शिकवले? नव्या स्टोव्हबरोबर सूचनांचा कागद येत असेलही. परंतु चाळीत येणारा स्टोव्ह बहुधा जुना, कोणाकडून तरी घेतलेला, नाहीतर सासूकडून सुनेकडे आलेला. आणि कागद असला तरी तो वाचणार कोण?

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गिरणी कामगाराच्या मागे राहिलेल्या सामानातून असा एक स्टोव्ह आमच्या युनियनच्या कचेरीत आला. आमची तरुण मंडळी भोवती जमली. एक गॅरेजमध्ये काम करणारा, दुसरा घरोघर जेवणाचे डबे पोचविणारा. दोघांनीही आयुष्यात पंपाचा स्टोव्ह पेटवलेला नव्हता. आम्ही त्यांना एकच सूत्र सांगितले: जेथे भोक आहे तेथून काहीतरी आत जाते किंवा बाहेर पडते, ते काय, हे शोधा.

मुले हुशार. टाकीवरचे मोठे झाकण रॉकेल ओतण्याचे, हे त्यांनी लगेच ओळखले. बाजूचा पंप हवा भरण्याचा. मधली उभी नळी रॉकेल वर नेणारी. बर्नरच्या मधोमध केसाएवढ्या भोकाचे निपल. येथपर्यंत ठीक. पण वात कोठेच नाही! आणि ज्योत लहानमोठी करण्याची चावीही नाही! शिवाय बर्नरच्या खाली जी उथळ वाटी आहे ती कशासाठी, हेही उमगेना. एकाने तर्क केला की ती सांडलेले रॉकेल धरण्यासाठी असावी. दुसरा म्हणाला, मग ती आतून इतकी काळी का?

तेवढ्यात आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक मावशी आल्या. सत्तरी उलटलेल्या. एके काळी परळला खानावळ चालवून त्यांनी वीस-पंचवीस गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घातलेले. त्यांनी पंपाचा दांडा दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, याला जोर लागत नाही. वायसर सुकलाय. खोबरेल लाव.’’ दांडा काढून चामड्याच्या वायसरला तेल लावले, कडा बोटांनी बाहेर फाकवल्या. पुन्हा ओढला, तर हवा धरू लागला. मग वाटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ‘‘आधी डोकं तापवायचं, मग पंप मारायचा. घाई केली की भडकणारच. आणि पिवळा जाळ उठला तर पळायचं नाही, हवा सोडायची.’’

या चार वाक्यांत सारा स्टोव्ह आला. रॉकेल पातळ असताना निपलातून बाहेर पडले तर पिचकारी उडते आणि पिवळा भडका होतो. म्हणून आधी वाटीत स्पिरिट जाळून किंवा काकडा लावून बर्नर तापवायचा. तो तापला की आतले रॉकेल वाफ होऊन बाहेर येते, हवेत मिसळते आणि निळे जळते. एकदा ज्योत लागली की तिच्याच उष्णतेने पुढच्या रॉकेलची वाफ होत राहते. चावी नसल्याचे कोडेही येथेच सुटते. ज्योत वाढवायची तर पंप मारावा, कमी करायची तर थोडी हवा सोडावी, विझवायची तर टाकीवरचा बारीक स्क्रू पूर्ण सैल करावा. दाब गेला की जाळ बसला. मावशींना बाष्पीभवन हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्याचा नियम त्यांच्या बोटांना ठाऊक होता.

अशा खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली मुंबईत उभी केली. ती अन्नपूर्णा महिला मंडळ. त्यांतल्या अनेकींना सही करता येत नव्हती, म्हणून जग त्यांना अडाणी म्हणे. दाबावर चालणारी, आगीशी खेळणारी दोन-दोन यंत्रे एकदम सांभाळून ठरल्या वेळी पंचवीस ताटे वाढणारी बाई अडाणी कशी? एवढेच काम गिरणीच्या बॉयलरपाशी करणाऱ्या पुरुषाला आपण कुशल कामगार म्हणतो.

या ज्ञानाची किंमत न ओळखल्याचे परिणाम केवळ मानापमानाचे नाहीत. १९७० व १९८०च्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर वरचेवर दिसे. स्टोव्हचे खरे अपघात होत, यात शंका नाही. पेटत्या स्टोव्हचे झाकण उघडणे, निपल तुंबलेले असता पंप मारीत राहणे, रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असणे, ही त्याची कारणे. परंतु स्त्री-संघटनांनी तेव्हा एक साधा प्रश्न केला: भडका नेमका सुनेच्याच अंगावर कसा उडतो? त्याच स्टोव्हवर सासूही चहा करते ना? हुंड्याविरुद्धच्या त्या आंदोलनानंतर १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध आणि १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध भारतीय दंड संहितेत कलमे आली.

येथे आमच्या साक्षीदाराचे मोल कळते. टाकीत रॉकेल किती होते, हवेचा स्क्रू उघडा होता की बंद, निपल तुंबले होते की साफ, टाकी फुटली होती की धड होती, हे स्टोव्ह स्वतः सांगू शकतो. त्याला विचारणारा मात्र जाणता हवा. धड टाकीचा, मोकळ्या निपलाचा स्टोव्ह कोपऱ्यात उभा असता ‘भडका उडाला’ असे कोणी म्हणाले, तर शेजारची मावशी भुवया उंचावणारच. पण पंच म्हणून त्या मावशीला बोलावण्याची आपल्याकडे चाल नव्हती. ज्याला आपण बायकांचे घरकाम म्हणून बाजूस सारले, ते पुराव्याचे शास्त्र होते.

१९५०च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत गॅस येऊ लागला आणि हळूहळू तो चाळींपर्यंत पोचला. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, माणसे पांगली, आणि पितळेचे स्टोव्ह वजनावर मोडीत गेले. गॅस आला हे चांगलेच झाले. स्टोव्हचे दिवस परत यावेत असे त्याच्यापुढे राबलेली कोणती बाई म्हणेल? परंतु पितळेबरोबर त्या बाईचे ज्ञानही मोडीत जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या माळ्यावर जुना स्टोव्ह, जाते, पाटा किंवा कंदील असेल, तर तो विकण्यापूर्वी ज्या माणसाने तो वापरला त्याला चार प्रश्न विचारा. हे तुम्हांला कोणी शिकवले? बिघडले तर आधी काय पाहत होता? कशाची भीती वाटे? आणि दिवसातून किती वेळ यापुढे जात असे? उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहा, खाली त्याचे नाव आणि साल घाला. ज्यांच्यापाशी दफ्तर नव्हते, त्यांच्या दफ्तरातला तो पहिला कागद होईल.