जुना गेमिंग संगणक : अपग्रेड की नवी खरेदी?

पाच-सात वर्षांपूर्वी हौसेने जुळवून घेतलेला गेमिंग संगणक नवे खेळ चालविताना अडखळू लागला, की एक-दोन भाग बदलून त्याला आणखी काही वर्षे चालवावे की तो मोडीत काढून नवा घ्यावा, असा प्रश्न घरात उभा राहतो. रायपूरसारख्या शहरात हाच संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा अभ्यास, धाकट्यांचे खेळ आणि घरातील बिलांचा भरणा अशी सारी कामे करीत असतो. त्यामुळे चुकीच्या निर्णयाचा फटका केवळ खेळापुरता मर्यादित राहत नाही.

दोन कारणांमुळे हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. त्याच सुमारास संगणकाच्या मेमरीचे भाव जगभर झपाट्याने वाढू लागले. जुने यंत्र ठेवावे तर सुरक्षेची चिंता आणि नवे घ्यावे तर वाढीव किंमत, अशा कोंडीत अनेक वापरकर्ते सापडले. या कोंडीतून मार्ग काढताना यंत्राचे वय फारसे उपयोगी पडत नाही. ते कोणत्या भागापाशी अडते आणि त्याचा मदरबोर्ड पुढे किती वाव देतो, या दोन गोष्टींवर बरेच काही अवलंबून असते.

आधी धूळ, मग दुकान

रायपुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणे नेहमीचे आहे. पंख्याने थंड होणारा कोणताही प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत, तेवढ्याच कामासाठी, ९० अंशांच्या आसपास पोहोचतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेजवळ स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतात. खेळ अडखळू लागतो आणि यंत्र म्हातारे झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्याला उष्णता बाहेर टाकता येत नसते.

त्यात धुळीची भर पडते. रायपूरलगतच्या उरला आणि सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्न व पोलादाचे अनेक कारखाने आहेत. गच्चीवर आणि खिडक्यांच्या कठड्यांवर साचणारी काळी धूळ ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. हीच धूळ कॅबिनेटमधील पंख्यांवर आणि प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांत जाऊन बसते. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या डेझर्ट कूलरची दमट हवा थेट संगणकावर येत असेल, तर ओल आणि धूळ मिळून घट्ट थर तयार होतो व धातूच्या भागांना गंज चढण्याचा धोका वाढतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथील वाचकांनाही हा अनुभव परका नसावा.

म्हणून पहिला खर्च साफसफाईचा असावा. ब्लोअरने धूळ काढणे, पंखे तपासणे आणि प्रोसेसरवरील सुकलेली थर्मल पेस्ट बदलणे यांस फारसा पैसा लागत नाही. धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने अडवून धरावे, अन्यथा हवेच्या झोताने ते अतिवेगाने फिरून खराब होऊ शकते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर आणि कूलरच्या झोताबाहेर ठेवावे. एवढे केल्यावरही यंत्र मंद वाटले, तरच पुढचा विचार करणे योग्य ठरते.

अडसर कोठे आहे?

गेमिंग संगणकात प्रोसेसर खेळातील घडामोडींचा हिशोब करतो, तर ग्राफिक्स कार्ड त्यांचे चित्र रंगविते. दोघांपैकी जो मागे पडतो, तो साऱ्या यंत्राचा वेग ठरवितो. तो शोधण्याची पद्धत सोपी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. प्रतिसेकंद फ्रेमची संख्या लक्षणीय वाढली, तर ग्राफिक्स कार्ड अपुरे पडत आहे. ती जवळपास तेवढीच राहिली, तर मर्यादा प्रोसेसरची आहे.

फ्रेमची सरासरी चांगली असूनही खेळ मधूनमधून थबकत असेल, तर संशय रॅम किंवा हार्ड डिस्कवर घ्यावा. खेळ चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली आणि डिस्क सतत १०० टक्के व्यग्र दिसली, तर हा संशय पक्का होतो.

थोड्या खर्चातील बदल

ज्या यंत्रात अजूनही फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे, त्यात एसएसडी बसविणे हा सर्वांत जाणवणारा बदल असतो. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० मेगाबाइट माहिती वाचते, साधी साटा एसएसडी सुमारे ५५० मेगाबाइट. फ्रेमची संख्या यामुळे वाढत नाही, मात्र खेळ लवकर सुरू होतो आणि थबकणे कमी होते. २०२३ मध्ये आलेल्या ‘स्टारफिल्ड’सारख्या खेळांनी तर एसएसडी ही किमान अट म्हणूनच नमूद केली. शिवाय ही एसएसडी पुढे नव्या संगणकातही नेता येते, त्यामुळे हा पैसा वाया जात नाही.

रॅम ८ गीगाबाइट असल्यास ती १६ करणे उपयुक्त ठरते. एका मोठ्या पट्टीपेक्षा समान क्षमतेच्या दोन पट्ट्या खेळांसाठी अधिक चांगल्या. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ हे प्रकार एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

गेमिंग लॅपटॉपची कथा मात्र निराळी आहे. त्यात बहुधा रॅम आणि एसएसडी एवढेच बदलता येते. ग्राफिक्स किंवा प्रोसेसर अपुरा पडू लागला, की अपग्रेडची वाट तेथेच संपते.

ग्राफिक्स कार्ड बदलताना

जुनी कार्डे दोन बाजूंनी मागे पडत आहेत. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (डिसेंबर २०२४) आणि ‘डूम : द डार्क एजेस’ (मे २०२५) या खेळांना रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्ड अनिवार्य आहे. एकेकाळी अतिशय लोकप्रिय असलेले २०१६ चे जीटीएक्स १०६० या अटीत बसत नाही. दुसरे असे, की एन्व्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबविण्याचे जाहीर केले. सुरक्षाविषयक सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे त्याच वेळी सांगण्यात आले. जुनेच खेळ खेळणाऱ्यास त्यामुळे लगेच अडचण येत नाही.

नवे कार्ड जुन्या मदरबोर्डवर सहसा चालते. तरीही तीन गोष्टी तपासाव्यात. कॅबिनेटमध्ये कार्डाच्या लांबीएवढी जागा हवी. एसएमपीएसची क्षमता आणि त्याच्या तारा कार्डाला पुरेशा हव्यात. आणि कार्डाच्या जोडणीची रुंदीही पाहावी. २०२२ मधील आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला केवळ ४ लेन असल्याने जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत त्याची कामगिरी घसरते. म्हणजे ज्या जुन्या यंत्रासाठी स्वस्त कार्ड घ्यावे, तेथेच ते कमी पडते.

एसएमपीएसची हयगय करू नये. विजेचा दाब वर-खाली होत असेल, तर स्वस्त एसएमपीएस स्वतः जळताना महागडे कार्डही सोबत नेऊ शकतो. सात-आठ वर्षे वापरलेला एसएमपीएस नव्या कार्डासोबत बदलणेच शहाणपणाचे. यूपीएस घेताना केवळ बॅटरी किती मिनिटे टिकते हे न पाहता, खेळ चालू असतानाचा भार ती पेलते का, हेही पाहावे.

निर्णय मदरबोर्डवर ठरतो

२०१७ मध्ये घेतलेल्या दोन संगणकांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. एकात एएमडीचा रायझन ५ १६००, तर दुसऱ्यात इंटेलचा कोअर आय ५ ७४०० आहे. दोघांचे वय एकच. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोन्ही प्रोसेसर नाहीत. असे असूनही दोघांची उत्तरे वेगळी येतात.

रायझन ज्या एएम ४ सॉकेटमध्ये बसतो, तो एएमडीने अनेक वर्षे कायम ठेवला. २०२२ पासून त्या काळच्या अनेक साध्या मदरबोर्डांनाही नवे बायोस मिळून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालू लागले. त्यामुळे पहिल्या यंत्रात मदरबोर्ड व रॅम तीच ठेवून रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स बसविता येतो. यंत्र वेगवान होते आणि प्रोसेसरच्या बाबतीत विंडोज ११ ची अटही पूर्ण होते. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत तो प्रोसेसर आहे ना, हे आधी पाहावे. नवे बायोस जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच भरावे आणि ते भरताना संगणक यूपीएसवर असावा. मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

दुसऱ्या यंत्रात ही सोय नाही. त्या मदरबोर्डवर त्याच पिढीतील आय ७ ७७००के पर्यंतच जाता येते आणि तो प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यावर पैसा घालणे म्हणजे बंद गल्लीत घर बांधण्यासारखे आहे. येथे प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही बदलावे लागतात.

मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस कधी कधी त्या कंपनीच्याच खास मापाचे असतात. अशा यंत्रात बाजारातील भाग बसत नाहीत. दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेट उघडून मॉडेल क्रमांकाचे छायाचित्र घेतल्यास पुढचा हेलपाटा वाचतो.

विंडोजची अट

विंडोज ११ साठी मान्यताप्राप्त प्रोसेसरबरोबरच टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक आहे. अनेक यंत्रांत ती असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. केवळ ती सुरू केल्याने काम भागत असल्यास नव्या खरेदीचे कारणच उरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘बॅटलफील्ड ६’ सारख्या काही ऑनलाइन खेळांनाही टीपीएम आणि सिक्युअर बूट लागते. विंडोज १० वर राहणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळविण्याची योजना जाहीर केली होती. लिनक्सवरही आज पुष्कळ खेळ चालतात. फसवणूकविरोधी कडक व्यवस्था असलेले काही ऑनलाइन खेळ मात्र तेथे चालत नाहीत.

मेमरीने बदललेला हिशोब

एरवी जुन्या यंत्राच्या बाबतीत ‘सारेच नवे घ्या’ हा सल्ला सोपा होता. २०२५ च्या अखेरीस तो महाग झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढली. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन प्रमुख उत्पादकांनी आपला भर तिकडे वळविला आणि घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव काही महिन्यांतच दुपटीहून अधिक झाले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकोपयोगी व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. योगायोग असा, की नवा रायपूरमध्येही मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली.

या परिस्थितीत संगणकातील जुनी डीडीआर ४ रॅम ही जपून ठेवण्याजोगी वस्तू ठरते. वर उल्लेखिलेल्या इंटेल यंत्राच्या मालकाने डीडीआर ५ लागणारा नवा मदरबोर्ड न घेता एएम ४ चा, किंवा इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठीचा डीडीआर ४ प्रकारचा मदरबोर्ड निवडला, तर रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि मॉनिटर तेच वापरता येतात. ज्याच्या यंत्रात डीडीआर ३ आहे, त्याला मात्र ही वाट मोकळी नाही.

अंतिम आकडेमोड

कागदावर दोन रकाने करावेत. एकात बदलावयाच्या सर्व भागांची किंमत, मजुरी व साफसफाईसह मांडावी. दुसऱ्यात तेवढ्याच क्षमतेच्या नव्या संगणकाची किंमत लिहून त्यातून पुन्हा वापरता येणाऱ्या भागांचे मूल्य वजा करावे. पहिली रक्कम दुसरीच्या निम्म्याच्या आत असेल आणि यंत्र आणखी तीन वर्षे चालण्याची शक्यता असेल, तर अपग्रेड हितकारक, असा ढोबळ ठोकताळा धरता येतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस हे सारेच बदलावे लागत असेल, तर नवा संगणकच घेतला जात असतो, केवळ कॅबिनेट जुने राहते.

भाग स्थानिक दुकानातून, सुमारे ३०० किलोमीटरवरील नागपुरातून किंवा ऑनलाइन मागविताना वॉरंटीचा दावा कोठे करावा लागेल, याची आधी चौकशी करावी. जीएसटीचे बिल आणि त्यावर भागाचा अनुक्रमांक असणे आवश्यक आहे. सेकंडहँड कार्ड घ्यावयाचे झाल्यास ते अर्धा तास खेळ चालवून, तापमान पाहून मगच घ्यावे.

बाजूला काढलेले यंत्र भंगारवाल्याच्या हाती सोपवू नये. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून, असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जाणे अपेक्षित आहे. चालू स्थितीतील यंत्र डिस्क पूर्ण पुसून घरातील धाकट्याला किंवा एखाद्या शाळेला देता येते. नवे खेळ ज्याच्यावर चालत नाहीत, तो संगणक लेखन, हिशोब आणि अभ्यासासाठी अनेकदा पुरेसा असतो.