फुलराणीची वाणी

वसई तालुक्यांत वटार नांवाचें गांव आहे. त्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांत सामवेदी, म्हणजेच कादोडी, आणि वाडवळी अशा बोली पिढ्यान् पिढ्या नांदत आल्या आहेत. घरांत, वाडींत, विहिरीवर त्या बोलींत मनमोकळें बोलणारा मनुष्य विरारला आगगाडींत बसून मुंबईच्या रोखानें निघाला, कीं त्याची जीभ सावध होऊं लागते. चर्चगेट येईपर्यंत ती पुस्तकांतली मराठी बोलूं लागलेली असते. हें रूपांतर त्याच्यावर कोणी लादलेलें नसतें. लोक हसतील, एवढें एकच भय पाठीशीं असतें. आणि तें भय अगदींच निराधार आहे, असें आपणां शहरवासीयांस प्रामाणिकपणें म्हणतां येईल काय? गडी, मोलकरीण किंवा खेडवळ पाहुणा यांच्या तोंडीं चार अशुद्ध शब्द घातले, कीं प्रेक्षागृहांत हंशा ठरलेला, हा प्रकार आपल्या रंगभूमीवर फार वर्षें चालत आलेला आहे.

हा हंशा ज्या नटीनें बोलणाऱ्यावरून उचलून ऐकणाऱ्यावर उलटविला, त्या कै. भक्ती बर्वे यांच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

त्यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजीं सांगलीस झाला. रंगभूमीचे पहिले धडे त्यांनीं सुधा करमरकर यांच्या 'लिटिल थिएटर'च्या बालनाट्यांत गिरविले. मुलांपुढें नाटक करणें ही मोठी कठोर शाळा असते. कारण मोठीं माणसें शिष्टाचार म्हणून हसतात, मुलें तसें हसत नाहींत. पुढें त्या आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि त्या केंद्रावरून मराठी बातम्या सांगणारा त्यांचा चेहरा व आवाज घरोघरीं परिचित झाला. ध्वनिक्षेपकापुढें डोळे, हात, लुगड्याचा पदर यांचा कांहीं उपयोग नसतो. जें काय साधावयाचें तें शब्दाच्या उच्चारानें. या उमेदवारीचें मोल किती होतें, तें १९७५ सालीं कळून आलें.

त्या वर्षीं पु. ल. देशपांडे यांचें 'ती फुलराणी' हें नाटक इंडियन नॅशनल थिएटरनें रंगभूमीवर आणलें. मूळ नाटक बर्नार्ड शॉचें 'पिग्मॅलियन'. १९१३ सालीं तें प्रथम व्हिएन्नांत झालें आणि पुढल्या वर्षीं लंडनमध्यें. लंडनच्या त्या प्रयोगांत तरुण फूलवालीची भूमिका करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कँबेल यांचें वय तेव्हां एकूणपन्नास होतें! आमची मंजुळा साळुंखे सव्वीस वर्षांची होती. सतीश दुभाषी हे उच्चारशास्त्राचे प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले होते आणि दिग्दर्शन खुद्द पु. लं.चें होतें.

आतां या भूमिकेंतली खरी अडचण पाहा. जिचे शुद्ध उच्चार ऐकण्याची लोकांना संवय झाली होती, तिला तेच उच्चार प्रथम विसरावयाचे होते. नुसते विसरून भागण्यासारखें नव्हतें. 'ण'चा 'न' केला आणि हेल काढला, कीं बोली येते, असा पुष्कळ नटांचा समज असतो. पण तशी बोली म्हणजे शहरी माणसानें केलेली नक्कल. तिच्या पाठीशीं बोलणाऱ्याचा अभिमान नसतो. मंजुळेचें बोलणें ही तिची घरची भाषा वाटली पाहिजे, आणि मग त्याच भाषेंतून, तीन तासांच्या आंत, पायरीपायरीनें, प्रेक्षकाच्या कानांदेखत दुसरी भाषा उगवली पाहिजे. मधली एकादी पायरी चुकली तर सारें कथानकच खोटें पडतें. हें काम बाईंनीं असें केलें, कीं मागाहून सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीं मंजुळा उभी केली, तरी फुलराणी म्हटलें कीं भक्ती बर्वे यांचेंच नांव पहिल्यानें ओठांवर येतें.

यांतली एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. या नाटकांतलें सर्वांत गाजलेलें भाषण कोणतें? मंजुळा सभ्य समाजांत शुद्ध बोलते तें नव्हे. मास्तरानें अपमान केल्यावर ती एकटीच त्याला धडा शिकविण्याचीं मनोराज्यें करते, तें स्वगत. आणि तें आहे तिच्या मूळच्या, न सुधारलेल्या बोलींत! शाळाकॉलेजांच्या स्नेहसंमेलनांतून मुलींनीं पाठ करून म्हटलें तें हेंच. तें ऐकतांना लोक पोट धरून हसतात, पण तें हसणें मास्तराला असतें. रागाच्या पोटांतलें रडूं आणि रडण्याच्या पोटांतला विनोद एकाच श्वासांत आणणें हें नुसत्या विनोदी नटीचें काम नव्हे.

त्याच्या अगदीं उलट कामगिरी त्यांनीं १९८३ सालीं 'जाने भी दो यारों' या कुंदन शाह यांच्या हिंदी बोलपटांत केली. तेथें त्या 'खबरदार' पत्राच्या संपादिका शोभा सेन झाल्या. शब्द सुसंस्कृत, चेहरा गंभीर, आणि व्यवहार मात्र काळा. बातम्या सांगणारा जो आवाज लोकांना विश्वासाचा वाटे, त्याच धाटणीच्या आवाजांत ही बाई लांचेचा सौदा करते. स्वतः त्या बोलपटभर हंशासाठीं धडपडत नाहींत, म्हणूनच हसूं येतें.

अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय' या नाटकांत संसारांतून निवृत्ति मागणारी आई त्यांनीं रंगविली. दूरदर्शनच्या 'बहिणाबाई' या चित्रपटांत त्या खानदेशच्या निरक्षर कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) झाल्या. येथें पुन्हां बोली आलीच. पण जी ग्रामीण वाणी नाट्यगृहांत हमखास हंशा आणते, तीच येथें लोकांनीं आदरानें ऐकली. १९९० सालीं त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'ये जो है जिंदगी' या विनोदी मालिकेनें घरोघरीं पोहोंचलेले नट शफी इनामदार हे त्यांचे पति. ते १९९६ सालीं निवर्तले.

पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजीं गेले. भक्तीबाई 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम करीत असत. १२ फेब्रुवारी २००१ रोजीं वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईस परत येतांना द्रुतगति महामार्गावर त्यांच्या मोटारीस अपघात झाला आणि बावन्नाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. मंजुळा प्रथम रंगभूमीवर आली त्याला तेव्हां सव्वीस वर्षें झालीं होतीं. वाईच्या श्रोत्यांपुढेंहि त्या तिच्याचविषयीं बोलून निघाल्या होत्या.