इसे आणि ह्यूगा
दुसऱ्या महायुद्धात अंशतः विमानवाहू बनवलेल्या दोन जपानी युद्धनौका. जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. ती उणीव भरून काढण्यासाठी 1943 मध्ये या जुन्या नौकांचे रूपांतर करण्यात आले. मागचे दोन बुरूज काढून तेथे विमानांसाठी डेक, त्याखाली हँगर आणि दोन कॅटापुल्ट बसवले, 356 मिमी.च्या बारापैकी आठ तोफा राहिल्या. प्रत्येकीवर 22 विमाने ठेवण्याची योजना होती. डेक आखूड असल्याने सुइसेई बॉम्बफेकी विमानाला परत उतरता येत नसे. त्याला दुसरी विमानवाहू नौका किंवा किनाऱ्यावरील तळ गाठावा लागे. झुइउन हे सागरी विमान मात्र पाण्यावर उतरल्यावर यारीने उचलून घेता येई. ऑक्टोबर 1944 मध्ये एंगान्यो भूशिराच्या लढाईत दोन्ही नौका विमानांविनाच उतरल्या. फेब्रुवारी 1945 मध्ये त्यांनी सिंगापूरहून इंधन, रबर व कथील जपानला सुखरूप पोहोचवले. जुलै 1945 मध्ये कुरे येथील अमेरिकी हवाई हल्ल्यांत दोन्ही उथळ पाण्यात बुडाल्या. युद्धानंतर त्या भंगारात काढण्यात आल्या.