जय वाघ, नागझिरा आणि फोटोमागची तारीख

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यांचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे: बखरीवर भिस्त ठेवू नका, अस्सल पत्र दाखवा. पत्रातसुद्धा मजकुराइतकाच शिक्का, मुक्काम आणि ‘छ’नंतरचा चंद्र महत्त्वाचा. पुष्कळ पत्रांत वर्ष नसतंच, ते पडताळून काढावं लागतं. मेटाडेटा म्हणजे हेच की हो, फक्त मोडीऐवजी यंत्राच्या लिपीत!

आता नागझिऱ्याकडे येऊ. १९७० सालचं हे अभयारण्य. डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. इथेच जन्मलेला एक तरुण वाघ त्या सुमारास उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला. ‘शोले’तलं नाव मिळालेला तोच जय. पुढे त्याला कॉलर लावली. १८ एप्रिल २०१६ ला कॉलरचा शेवटचा संकेत आला आणि मग जय सापडलाच नाही.

पण कॉलरच्या आधीचा जय कुठून शोधायचा? वनखात्याच्या नोंदी आहेतच, शिवाय पर्यटकांचे फोटो आहेत. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, त्यामुळे वाघ ओळखता येतो. राहिला प्रश्न ‘कधी’ आणि ‘कुठे’चा.

फ्लिकरसारख्या ठिकाणी हे एपीआयमधून विचारता येतं. एपीआय म्हणजे कचेरीची खिडकी समजा. तुमची किल्ली दाखवायची, नकाशावर एक चौकट आखून द्यायची, आणि दहा-वीस ओळींचा कोड पानामागून पान मागत राहतो. प्रत्येक फोटोमागे येतो क्रमांक, अक्षांश-रेखांश, फोटो काढल्याची वेळ, चढवल्याची वेळ. यातल्या दोन वेळा एक समजू नका. काढल्याची वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळाची. मालकानं ते लावलंच नसेल तर ती थाप. चढवल्याची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत (योगायोग बघा, अभयारण्यही १९७० चंच!) आणि ग्रिनिचच्या हिशेबानं. साडेपाच तास मिळवले नाहीत, तर पहाटे दोनला चढवलेला फोटो आदल्या तारखेत जाऊन बसतो.

आणि या खिडक्या बंद होतात. केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणानंतर, २०१८ मध्ये, फेसबुकनं आपली बरीच आवळली. इन्स्टाग्रामची जुनी २०२० मध्ये बंद झाली, ट्विटरची फुकट २०२३ मध्ये. दप्तरखान्याला कुलूप लागलं म्हणून राजवाडे घरोघर फिरले असते. इथे घर कुणाचं तेच कळत नाही.

तरी सगळं उघडंच हवं, असं मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर यायची, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, तोही पुण्याहून, अशा बातम्या होत्या. शिकाऱ्याला अक्षांश-रेखांश मिळाला की माग काढायचं कामच उरत नाही. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्राण्यांची जागा मुद्दाम पुसट करून दाखवतं, ते मला पटतं. इतिहासाला वर्ष, महिना, फार तर वनक्षेत्र पुरतं. पाणवठा कशाला हवा?

तेव्हा तुमच्याकडे तेव्हाचे फोटो असतील, तर मूळ फाइल जपा. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवलात की त्यातली वेळ आणि जागा गळून जाते. समाजमाध्यमावर टाकायला ते बरंच आहे. संग्रहासाठी मात्र मूळ प्रत द्या, आणि पाठीमागे कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे होतं ते लिहून ठेवा.