पाटीवरचं वाक्य कोण पूर्ण करतं?

 

आज जाहिरातीच्या इतिहासावर बोलायचं ठरलं आहे, पण सुरुवात बाहेरच्या रस्त्यापासून करू. छावणी ओलांडली की पडेगाव, मग मिटमिटा, शरणापूर फाटा असं करत हा रस्ता दौलताबादकडे जातो, आणि दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या लागतात. एका रविवारी आम्ही तिघं-चौघं पायी निघालो आणि दिसेल ती पाटी वहीत उतरवून घेतली. ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी.’ ‘समृद्धी महामार्गापासून फक्त 10 मिनिटं.’ ‘मोजकेच प्लॉट शिल्लक.’ ‘एन.ए. प्रस्तावित.’ घरी येऊन वही उघडली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पानंच्या पानं भरली होती, पण त्यात क्रियापद जवळजवळ नव्हतंच. कुणी काही केलं आहे, करतो आहे, करील, असं कुठली पाटी म्हणतच नव्हती.

क्रियापद नाही म्हणजे कर्ता नाही. कर्ता नाही म्हणजे उद्या कुणाला धरायचं, हाही प्रश्न नाही. तरीही वाचणाऱ्याच्या मनात वाक्य पुरं होतंच. ‘समृद्धीपासून 10 मिनिटं’ असं वाचलं की ‘म्हणजे भाव वाढणार’ हे आपण जोडतो. पाटी ते म्हणालेली नसते. माळीवाड्याचा इंटरचेंज जवळ आहे हे खरंच आहे. पण दहा मिनिटं कुठल्या वाहनानं, कुठल्या वेळी, आणि किलोमीटर का लिहिले नाहीत, हे आपण विचारत नाही, कारण वाक्य पूर्ण करायच्या घाईत आपणच असतो.

या गोष्टीचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ‘छल’ नावाचं प्रकरण येतं आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाक्छल, सामान्यछल आणि उपचारछल. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! ‘नव’ या शब्दाचे दोन अर्थ, त्यातला सोयीचा उचलायचा, याला वाक्छल म्हणायचं. एकाला लागू पडलेलं सगळ्यांना लावायचं, हा सामान्यछल. अलंकारानं बोललेलं शब्दशः घ्यायचं, हा उपचारछल.

मात्र एक फरक आहे. न्यायशास्त्रात छल करणारा ऐकणारा असतो. तो बोलणाऱ्याचे शब्द मुद्दाम वळवतो. जाहिरातीतही शब्द वळवणारा ऐकणाराच असतो, पण तो स्वतःलाच फसवतो, आणि कुठे वळायचं ते लिहिणाऱ्यानं आधीच आखून ठेवलेलं असतं. ‘समृद्धीलगतच्या जमिनींना सोन्याचे भाव’ हे वाचून ‘माझ्याही जमिनीला येणार’ असं आपण म्हणतो, तेव्हा सामान्यछल आपण केलेला असतो. लिहिणाऱ्याचे हात कोरडे.

आता याच रस्त्यानं थोडं पुढे, किल्ल्यापर्यंत जाऊ आणि सातशे वर्षं मागेही. मुहंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद झालं. दौलत म्हणजे राज्य, भाग्य, संपत्ती. दिल्ली सोडून निघालेल्या लोकांना हे नाव ऐकवणं हा मन वळवण्याचाच भाग होता, असं आम्हाला वाटतं. (आजच्या वसाहतींची नावं एकदा या नजरेनं वाचून पाहा.) पण त्याहून बोलका पुरावा नाण्यांचा आहे. साधारण 1329 ते 1332 या काळात सुलतानानं पितळेची आणि तांब्याची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावानं चालावीत असं ठरवलं. यातली काही दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. त्यांच्यावर तसं नाव आहे.

या नाण्याच्या एका बाजूला फारसीत लिहिलं आहे की, आशावान दास मुहंमद तुघलकाच्या कारकिर्दीत हा चालू टंका म्हणून मुद्रांकित झाला. दुसऱ्या बाजूला अरबीत मजकूर आहे, त्याचा आशय असा: जो सुलतानाची आज्ञा पाळतो, तो परमेश्वराची आज्ञा पाळतो. दोन्ही वाक्यं नीट पाहा. चांदीच्या टंक्याला ‘मी चालतो’ अशी ग्वाही द्यावी लागत नव्हती, कारण चांदी स्वतःच बोलत होती. इथे धातू गप्प आहे, म्हणून अक्षरं बोलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य नाण्यावर नाहीच! ‘म्हणून हे नाणं जो नाकारील, तो कोणाची आज्ञा मोडतो?’ हा प्रश्न बाजारात उभ्या असलेल्या वाण्यानं स्वतःच्या मनात पुरा करायचा होता.

वाण्यानं तो पुरा केला, पण वेगळ्या रीतीनं. इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो की घरोघरी टांकसाळी निघाल्या. लोकांनी खोटी नाणी पाडली, सरकारी देणी त्याच नाण्यांत भरली आणि चांदी घरात दडवली. शेवटी सुलतानाला ती नाणी मागे घेऊन खजिन्यातून सोनं-चांदी द्यावी लागली. शाळेत आपण हे ‘वेड्या महंमदा’ची गोष्ट म्हणून शिकलो. आम्हाला ती गोष्ट वाचकांची वाटते. अक्षरं काय म्हणतात आणि धातू काय म्हणतो, यात धातूवर विश्वास ठेवण्याइतके ते लोक हुशार होते.

अपुरं ठेवलेलं वाक्य दर वेळी फसवण्यासाठीच असतं असं नाही. अर्देशिर गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण काढला तेव्हा आधी ‘नंबर 2’ बाजारात आणला, ‘नंबर 1’ नंतर आला. त्यामागचं कारण असं सांगतात की, दोन नंबरचा साबण जर इतका चांगला, तर एक नंबरचा कसा असेल, हे गिऱ्हाइकानंच म्हणावं. एका आकड्यात केवढं मोठं वाक्य! साबण चांगला होता, म्हणून आज आपण या युक्तीकडे कौतुकानं पाहतो. युक्ती म्हणून तिची जात मात्र पाटीवरच्या दहा मिनिटांचीच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची अडचण नेमकी उलटी होती. त्यांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडानं जमीन विषारी होते हे वाक्य शेतकऱ्यांच्या मनात आधीच पुरं झालेलं होतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. माल खरा, पण तो ऐकायला कोणी तयार नाही. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. ते मुळात कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारं पत्रक. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे, शंकरराव किर्लोस्कर. पुढे त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आलं, 1934 मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या, त्यांचं मूळ एका नांगराच्या जाहिरातीत आहे. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. जाहिरात हा शब्दच ‘जाहीर’ म्हणजे उघड यावरून आला आहे, आणि किर्लोस्करांचं नाव मुखपृष्ठावर उघड होतं. कोण बोलतो आहे हे वाचकाला माहीत होतं. रस्त्यावरच्या कितीतरी पाट्यांवर फक्त एक मोबाईल नंबर असतो.

आता जरा घरचं सांगतो. आमच्यातल्या एकाचे वडील मराठीचे शिक्षक. दहावीच्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं अतिशयोक्ती अलंकार शिकवला, उदाहरणांसकट, दोन मार्कांसाठी. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा याच पट्ट्यात त्यांनी दीड गुंठा घेतला, शंभराच्या बॉण्डवर. पाटीवर ‘एन.ए.’ ठळक होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘प्रस्तावित’. व्यवहाराची रजिस्ट्री झालीच नाही. स्थावर मालमत्तेची विक्री 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावी लागते आणि बॉण्डवरच्या सहीनं मालकी येत नाही, हे त्यांना नंतर कुणीतरी समजावलं. ज्यानं प्लॉट दिला त्याचा फोन लागत नव्हता. सर एकच गोष्ट सारखी म्हणत राहिले, “त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं रे. प्रस्तावित लिहिलं होतं. मीच वाचलं नाही.”

या शहरात गुंठेवारीनं किती घरं अशी टांगून ठेवली आहेत, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. 2001 मध्ये ती नियमित करण्याचा कायदा आला आणि 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. गरजू माणसाला दुसरीकडे परवडत नाही, हेही खरं. त्यामुळे ‘लोकांनी वाचायला शिकावं’ एवढंच म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. लिहिणाऱ्यावरही बंधन हवं आणि काही प्रमाणात ते आलं आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही. जाहिरातीत तो नोंदणी क्रमांक लागतो आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. तो मोबाईलवर स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते. तुघलकाच्या वाण्यानं नाणं दगडावर आपटून पाहिलं असेल, तसंच हे. छोट्या प्लॉटिंगला मात्र यातून बरीच पळवाट राहते. तिथे सातबारा, मंजूर लेआउटचा नकाशा आणि रजिस्ट्री हाच धातू.

आमच्या वहीत त्या दिवशी कोड असलेल्या पाट्या थोड्याच निघाल्या.

सर आता कधी गाडीतून दौलताबादकडे निघाले की खिडकीशी बसतात आणि प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात. ‘सुवर्णसंधी,’ ते म्हणतात, ‘क्रियापद?’ आणि मागच्या सीटवरून नात ओरडते, ‘नाहीये!’